इंजिनाचं झाकण आणि तुमचे बंधू

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत. (तुमच्या भावाची उजवी भुवई सोडून. ती परत येते आहे.)

घाबरू नका. घाबरायचं काम मी अंगावर घेतलेलं आहे, उन्हाळाभर दुसरं काही केलेलंच नाही. झालं असं, की बाबांची मोटरसायकल (तुमच्या बाबांची, माझ्या बाबांकडे सायकलच होती) चालू करायची असं तुमच्या भावाने मनावर घेतलं. इथपर्यंत माझी हरकत नव्हती. निवृत्त माणसाला काही उद्योग नसला की तो स्वयंपाकघरातले डबे लावायला घेतो. पण इंजिनाच्या बाजूचं झाकण काढताना त्याचे दोन तुकडे झाले. ते तुकडे घेऊन हा माणूस ओट्यापाशी येऊन उभा राहिला. नवं झाकण शोधायला गेला, तर सुट्या भागांच्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून आतून आपल्या वडिलांना बोलावलं, आणि वडील नुसतेच हळहळले. एका ठिकाणी कारखान्यातलं, चकचकीत झाकण मिळालं. ते लावल्यावर गाडी कवळी बसवल्यासारखी दिसू लागली. मग याने ठरवलं, आपणच ओतायचं.

ओतायचं म्हणजे काय हे आधी कळलं असतं, तर मी माहेरी गेले असते. तुटकं झाकण जोडून ओलसर वाळूत दाबायचं, त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. मागच्या अंगणात भट्टी आली. जुने पिस्टन आले, वितळवायला. मी कोरड्या वाळूची बादली घेऊन दारात उभी राहू लागले. (अशा आगीवर पाणी चालत नाही. हे ज्ञान मला नको होतं.) पहिलं झाकण भोकाभोकांचं निघालं. दुसरं थंड होताना तडकलं. पुढच्या खेपेला वाळू फार ओली होती, वाफ कोंडली आणि धातू उसळून वर आला. ताई, तो आवाज अजून कानात आहे. भुवई गेली, डोळा चष्म्याने वाचवला. मी बर्फ लावत लावत सांगितलं, की आता हे बंद.

तो म्हणाला, "बाबांच्या गाडीला परकं झाकण नको गं."

एवढंच. भांडला असता तर मी जिंकले असते.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर सगळं फेकून द्यायला मी अंगणात गेले. वाळूत हात घातला आणि लक्षात आलं, की या माणसाने जन्मात कणीक मळलेली नाही. नुसता चिखल. मी ती उन्हात पसरली, चाळली, पाण्याचा हलका हबका मारत पुन्हा मळली. मुठीत दाबली की गोळा राहायला हवा, मोडला की कडा स्वच्छ हव्या. (फेकायचं राहून गेलं.) तो आला, गोळा मोडून बघितला आणि जास्तीचा चष्मा माझ्या हातात ठेवला.

ओतताना माझा जीव मुठीत होता. वाळू फोडली, तर आत अखंड झाकण. एका कडेला जरा जाड, अंगावर वाळूची खरखर. मी सहज म्हणून घासायला घेतलं आणि जेवायची वेळ टळून गेली. दुकानातल्या झाकणाकडे एकदा बघितलं की संपलं. याच्यावरून हात काढवत नाही. बसवलं, गाडी खोकली आणि चालू झाली. तुमचा भाऊ घरात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. गाडी मी चालूच ठेवली. (बंद कशी करतात ते माहीत नव्हतं.)

पण काळजी मिटलेली नाही. आता त्याची नजर ब्रेकवर आहे. ब्रेक, ताई! तुम्ही थोरल्या आहात, येऊन त्याला दटावा.

तुमची धास्तावलेली,
भावजय

ता. क. : ब्रेक विकतचेच घ्यायचे, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तेव्हा दटावायला इतक्यात नका येऊ. अंगणात पाय ठेवायला जागा नाही.

आणखी ता. क. : भावजींच्या जुन्या मोटरसायकलीला पेट्रोलच्या टाकीचं ते नक्षीचं झाकण अजून आहे ना? तेवढं गुपचूप काढून पाठवा. ठसा घेऊन लगेच परत करते. भावजींनी विचारलंच, तर तुमच्या भावाने मागवलं म्हणून सांगा.