चार भाग आणि माझ्या हिरव्या बांगड्या

३ फेब्रुवारी
एकाहत्तर वर्षांच्या बाईला गप्प कसं बसायचं ते शिकवतायत! सुनेने, रत्नाने, फ्रिजवर कागद लावलाय. आई, मधे वा वा नाही. मधे टाळ्या नाहीत. चौथी शिकले, म्हणून वाचता आलं. नसतं आलं तर बरं होतं.
असो. श्री गजानन प्रसन्न. आधी लिहायचं ते रागात राहिलं.

६ फेब्रुवारी
शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये अनिकाचा कार्यक्रम. माझी नात. चार पोरं. दोघी व्हायोलिनवर, अनिका जरा मोठ्या व्हायोलिनवर, त्याला व्हायोला म्हणायचं. आणि कुश, तो गुडघ्यांत धरून चेलो वाजवतो. तबला नाही. मी विचारलं, मग ताल कोण धरतं? म्हणाली, आम्ही एकमेकांचं ऐकतो, आजी. एकमेकांचं ऐकून कुणाचं घर चाललंय?
रेकॉर्डिंग उन्हाळी कॅम्पला जाणार. त्यावरच सिलेक्शन. पोरगी धड जेवत नाही.
निश्चय: तोंड उघडायचं नाही.

७ फेब्रुवारी
रत्ना म्हणाली, आई, बांगड्या काढून ठेवा. म्हटलं, निघत नाहीत. (निघतात. पण नव्या साडीवर हात बोडके?)

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
अख्ख्या ओहायोत माझ्याइतकं शांत कोणी बसलं नसेल. तोंडात लवंग. एका रचनेचे चार भाग असतात, मधे सगळे पुतळ्यासारखे. मीही पुतळा. शेजारचा गोरा खोकला, मी वळून असं पाहिलं की परत खोकला नाही.
दुसरा भाग फार संथ. पोरं अडखळतील असं वाटलं, म्हणून मांडीवर हलकेच ताल धरला. गावच्या भजनात टाळ माझ्याकडेच असायचे. बुवा एकदा म्हणाले, घाई करता. पण बुवांना ऐकू कमी यायचं.
मग पोरं काय सुरेख पळाली! कुशने तर मान वर करून माझ्याकडेच पाहिलं. कृतज्ञता, दुसरं काय.

१० फेब्रुवारी, दुपार
रेकॉर्डिंग आलं. संथ भागात खुळखुळ. मी म्हटलं, हीटर असेल. अनिकाने आवाज वाढवला. मी म्हटलं, त्या खोकणाऱ्याला विचारा. अनिका म्हणाली, आजी, कुश तुझ्यामागे धावला, आम्ही कुशच्या मागे. मग रडली. मोठ्याने नाही. मोठ्याने रडली असती तर मला ओरडता तरी आलं असतं.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
उद्या पुन्हा रेकॉर्डिंग. रिकाम्या हॉलमध्ये. रिकाम्या म्हणजे मी सोडून, हे श्रीरंगने स्वतःच्या आईला तोंडावर सांगितलं.
बाथरूममध्ये साबण लावला. अकराच्या अकरा निघाल्या. बारावी बेसिनवर वाढवली. अनिकाच्या व्हायोलाच्या पेटीपाशी नेऊन ठेवल्या, म्हटलं, बघ, निघाल्या. तिने एक उचलून कानाशी हलवली आणि हसली. हॉलबाहेर गाडीत बसायची परवानगी मिळाली. काचा बंद करून.
आता पोरांना शिकवणाऱ्या मॅडमचा फोन येणारे, घुंगरू कोण वाजवत होतं ते विचारायला. बांगड्या शिकागोहून कोणी आणल्या? रत्नाने. मग उत्तरही रत्नानेच द्यायचं.