तळघरातली धावपट्टी

३ नोव्हेंबर

आज पुन्हा समुद्रात! धावपट्टी समोर, दिवे लखलखीत, आणि विमान तिच्या डावीकडून थेट पाण्यात. ओडवारनं हेडफोन काढून आपटले. मी वर स्वयंपाकघरात वाफल करत होते, तिथवर त्याचा आवाज आला — "यंत्रच बिघडलंय!"

धावत खाली गेले. तिन्ही स्क्रीनवर नुसतं निळं. खेळातलं विमान आणि खेळातलं पाणी, हे मला कळतं. पण नवऱ्याचा चेहरा बघवेना.

४ नोव्हेंबर

सकाळी कॉफी घेताना त्यानं मला समजावलं. धावपट्टीजवळून रेडिओच्या दोन लहरी येतात, कॉकपिटमध्ये त्यांच्या दोन सुया. उभी सुई डावं-उजवं सांगते, आडवी वर-खाली. दोन्ही मध्यावर धरल्या की दाट धुक्यातसुद्धा विमान बरोबर पट्टीवर येतं. आयएलएस म्हणतात याला.

"धुक्यात फेरीबोट धक्क्याला लावायचो ना, तसंच गं. फक्त इथे पाणी लागलं की मेलो!" किती दिवसांनी हसला.

जन्मभर फेरीबोटीचा कप्तान. व्हायचं होतं वैमानिक, एका डोळ्यानं दगा दिला. म्हणून निवृत्तीनंतर तळघरात हे कॉकपिट बांधलं — भंगारातल्या व्हॉल्वोची सीट, फळ्या, स्क्रीन. पाच वर्षं रोज आमच्या विग्राच्या विमानतळावर उतरत होता. लोण्यासारखा. हल्लीच हे सुरू झालंय.

मी म्हटलं, शोधून काढू. दंतवैद्याकडे इतकी वर्षं यंत्रं सांभाळलीत मी. याला काय होतंय!

६ नोव्हेंबर

सापडलं! वारा बदलला की विमानं पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उतरतात, आणि प्रत्येक टोकाची फ्रीक्वेन्सी वेगळी. रेडिओवर भलत्याच टोकाची लावलेली. मी बदलली — सुई टुणकन जागी झाली! ओडवारनं कपाळाचा मुका घेतला. "माझी इंजिनियरबाई!"

दुपारी पुन्हा समुद्रात.

७ नोव्हेंबर

एक बटण असतं. सुई रेडिओवर चालवायची की उपग्रहाच्या नकाशावर, ते त्यावर ठरतं. आज ते नकाशावर होतं. "मी हात लावलेला नाही," ओडवार म्हणाला. मीही नाही. मग कोणी?

९ नोव्हेंबर

पायाखालची पेडल उघडली. आत कचरा! विमान आपोआप डावीकडे ओढलं जात होतं ते यामुळेच. कापूस आणि स्पिरिट घेऊन जमिनीवर बसले, एकेक भाग पुसला. ओडवार शेजारी टॉर्च धरून. "दाताची कीड काढतेयस का?" — "हो, आ कर!" खूप हसलो दोघं.

सुया ज्या माहितीवर चालतात तीही जुनी होती, नेटवरून नवी उतरवून घेतली. आता बिघडायला काही उरलंच नाही.

१० नोव्हेंबर

डोंगरावर आपटलं.

११ नोव्हेंबर

आज खाली गेलाच नाही. खिडकीत बसून फेरीची ये-जा बघत होता. मी ब्रेडवर ब्राऊन चीज लावून दिलं, ते हातातच राहिलं.

१२ नोव्हेंबर

आर्नफिनला बोलावलं. शेजारीच राहतो, आणि विग्राच्या कंट्रोल टॉवरमध्ये विमानं उतरवण्यात त्याची हयात गेली. त्याच्याइतकं यातलं कळणारं गल्लीत कोणी नाही. बूट काढता काढताच सुरू — "काय कप्तान, विमानाला नांगर बांधलायस म्हणे?"

सीटवर बसला. खेळातले ढग खाली आणले, पट्टी दिसू नये इतके. सुया धरल्या आणि उतरवलं. दुसऱ्या टोकाकडूनही उतरवलं. चाक टेकलेलं कळलंसुद्धा नाही.

"ठणठणीत आहे की रे! तक्रार कसली?"

"तुझ्या हातात जादू आहे," ओडवार म्हणाला. "ऊठ. मला दाखवू दे बिघाड."

मी शेजारी स्टुलावर. कागदावरची फ्रीक्वेन्सी ओडवारनं मोठ्यानं वाचली, अगदी बरोबर. आणि रेडिओवर दुसरीच लावली. आर्नफिननं हात लांब करून बदलली. मग उभी सुई सरकत सरकत मध्यावर आली. आडवीही आली. सगळं जागच्या जागी, विमान पट्टीच्या रेषेत. आणि ओडवारनं माझ्याकडे पाहिलं.

"आता काय करायचं असतं गं?"

आर्नफिन खिडकीकडे वळला. तळघराच्या खिडकीतून काय दिसणार? गवत. मी म्हटलं, "नाक थोडं खाली, ओडवार. असंच." तोवर उशीर झाला होता. पुन्हा पाणी.

"बघितलंत?" तो म्हणाला. "यंत्र."

"हो," आर्नफिन म्हणाला. "यंत्रच."

१३ नोव्हेंबर

वाळत घातलेले कपडे काढताना रडले. चादरीत तोंड खुपसून.

१४ नोव्हेंबर

आर्नफिन कुंपणापाशी थांबला होता. "सोलफ्रीद, डॉक्टरांना दाखव त्याला."

"सर्दीला औषध घेत नाही तो. कसं सांगू? 'यंत्र नाही, तू बिघडलायस' असं?"

तो कुंपणाला टेकला. मग म्हणाला, "या खेळात एक सोय असते. विमान स्वतःच उतरतं. हातातलं चाक कसंही फिरवलं तरी. चालू केलेलं कळत नाही."

मी आत निघून आले. मग परत गेले आणि ती सोय कुठे असते ते विचारून घेतलं.

१६ नोव्हेंबर

उतरला! पट्टीच्या मधोमध! तळघरातून हाक — "सोलफ्रीद! सोलफ्रीद!" मी जिन्यातच उभी होते. त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला, पाठ धरली, तरी हसतोय. "बिघाड गेला बघ!"

संध्याकाळी कोबी-मटण शिजवलं. त्यानं दोनदा वाढून घेतलं. मी काट्यानं नुसता कोबी चिवडत होते. तो म्हणाला, "तुला आनंद नाही झाला?" मी म्हटलं, "झाला ना. मिरे जास्त झालेत जरा."

१७ नोव्हेंबर

पुन्हा उतरला. आज मात्र हाक मारली नाही. वर आला, कॉफी ओतून घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

१८ नोव्हेंबर

सकाळी ओट्यापाशी आला. म्हणाला, "काल उतरताना मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते."

हातातला कप मी तसाच धरून ठेवला.

"डॉक्टरांकडे मी ऑगस्टमध्येच जाऊन आलोय, सोलफ्रीद. यंत्राला काही झालेलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तू शेजारी बसून बिघाड शोधायला लागलीस — आणि मला थांबवावंसंच वाटेना गं."