कव्हरवरचा फोटो मी काढला

१२ मार्च १९८३
ऑफिसातून थेट डेल्रॉयच्या बेसमेंटमध्ये. बँड सगळा जमैकाचा: बेसवर म्होरक्या डेल्रॉय, ड्रमवर क्लाइव्ह, गायला क्लाइव्हची बहीण पर्ल. ऑर्गनवर अस्मादिक, मु. पो. हर्नडन, अमेरिका. हात अजून समेवर पडतो. डेल्रॉय म्हणतो, पहिली मात्रा मोकळी सोड. पेटीच्या गुरुजींनी ऐकलं असतं तर कान उपटला असता.

४ जून
रेकॉर्ड निघणार! आजच बाबांचं पत्र. दोन स्थळं आलीत, फोटो धाड. कव्हरवर या जटावाल्यांत मी उभा, आणि ते साताऱ्याला पोचलं तर...

११ जून
कव्हरचा फोटो झाला. कॅमेरा माझा, तेव्हा मीच काढतो म्हटलं. नावही छापू नका, ऑफिसात चालणार नाही. थाप. पर्लने विचारलं, "आमची लाज वाटते का तुला?" नाही म्हणालो. वाटत होती.

२० जाने. १९८४
लग्न ठरलं. मुलगी शैला, वाईची, बाबांच्या त्या दोन स्थळांतली. प्रॅक्टिस बंद केली. फोनवर कामाचं प्रेशर वगैरे. डेल्रॉयने अडवलं नाही. अडवायला हवं होतं त्याने.

९ ऑक्टो. १९८६
रेडिओवर आमचं गाणं. आमचं कसलं, त्यांचं. शै. पोळ्या लाटता लाटता मान डोलवत होती. म्हणाली, ती पेटी कोण वाजवतंय, छान आहे. मी "हं" म्हटलं. कपाळ माझं.

२ मे १९८९
पर्लचा फोन, पाच वर्षांनी. डेल्रॉय कायमचा जमैकाला चाललाय, बँड मोडतोय. रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम. ऑर्गनला माणूस नाही. येशील का?
शै.ला सगळं सांगितलं. गराजमधून रेकॉर्ड काढून दाखवली. कव्हर उलटसुलट पाहिलं तिने.
"यात तू कुठेच नाहीस."
म्हटलं, तुमच्या घरच्यांनी नकार देऊ नये म्हणून.
"मला विचारायचं होतंस. याच माणसाला मी हो म्हटलं असतं."


७ मे, रविवार
शै.ने ड्राइव्ह केलं. डेल्रॉय दारातच भेटला. जटा पांढऱ्या झाल्यात. रागावला नाही, मिठीही मारली नाही. एवढंच म्हणाला, "लोकांना तुझं नाव काय सांगू?"
आलोच म्हणून गाडीत येऊन बसलोय. नाव सांगायचं, तर इतकी वर्षं ते कव्हरवर का नव्हतं तेही सांगावं लागेल. शै. आत पुढच्या रांगेत जाऊन बसलीये. क्लाइव्हने ड्रम लावायला घेतलाय, इथवर ऐकू येतंय.