लाल रुमालातली इंग्रजी पोथी

झाशी, ता. ९ नोव्हेंबर १९०९

तीर्थरूप दादास इंदुमतीचा शि. सा. न. वि. वि.

सिव्हिल लाइन्समधल्या वृद्ध मिस हॅलम यांनी नक्कल करायला दिलेले हस्तलिखित आपणांस ठाऊक आहेच. त्यांच्या घराण्यातल्या कोणा बाईने अडीचशे वर्षांपूर्वी उतरून घेतलेली इंग्रजी प्रवचने आणि पदे. शाई कागद खाते आहे, म्हणून घाई. काम नीट झाले तर मुलींच्या शाळेतल्या नोकरीसाठी त्या शिफारस देणार होत्या.

यात देवाची स्तुती आहे, असे मीच कमळाआत्याला सांगितले. देवाचे नाव चामड्यात कसे ठेवायचे, म्हणून काल मी बाहेर असताना तिने बांधणी उसवली, कातडी पुठ्ठे बाहेर टाकले आणि पाने पोथीसारखी दोन फळ्यांत घालून, लाल रुमालात बांधून देव्हाऱ्यात ठेवली. पुठ्ठे कुत्र्यांनी नेले. पाने शाबूत आहेत. आत्या म्हणते, आता कुठे ग्रंथ नीट राहील. मला अन्न गोड लागत नाही. काय करू, लवकर कळवावे.

आपली,
इंदुमती

बीना, ता. ११

चि. इंदूस आशीर्वाद.

माझ्या इंग्रजी व्याकरणालाही कातडेच होते. तेव्हा आत्याला हे का सुचले नाही? असो. इथे स्टेशनातले जयसिंगभैया उत्तम बांधणी करतात. पाने गार्डाबरोबर पाठव. बाईंची नजर अधू, त्यांना कळणार नाही. शिफारस हाती येईतो गप्प राहा. आत्यावर रागावू नकोस.

तुझा,
यशवंत

झाशी, ता. १५

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

आपला सल्ला मोडला, क्षमा असावी. दिसत नाही म्हणून त्यांना फसवणे मला जमेना.

मी निघाले तशी आत्याही टांग्यात येऊन बसली. व्हरांड्यात उभी राहून तिने हिंदीत सांगितले की कसूर माझा आहे, बिटियाचा नाही. मिस हॅलम यांनी पाने हाताने चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, शिफारस देता येणार नाही. पुस्तक तुझ्यावर सोपवले होते. ते खरेच आहे. नक्कल मात्र यापुढे त्यांच्या घरी बसून पुरी करायची आहे.

त्या रुमाल पुन्हा बांधू लागल्या, पण गाठ बसेना आणि पाने सरकू लागली. तेव्हा आत्या पुढे झाली आणि त्यांचे दोन्ही हात धरून फेरा कसा घ्यायचा ते तिने दाखवले.

परक्याचा स्पर्श झाला की आत्या न्हाल्याशिवाय चुलीपाशी जात नाही, म्हणून घरी येताच मी पाणी काढले. ती राहू दे म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली,
इंदुमती