आईचा गेम

आई, मी घाईने काही सांगायला लागले की तू म्हणायचीस, "दम खा गो, तुजी गाडी सुटत नाय." म्हणून दम खाऊन लिहितेय, पण जमत नाही. बाबांनी मध्ये पोटमाळ्यावरून तुझा टीव्ही गेम खाली काढला. तुझा म्हणते खरं, पण म्हसाच्या जत्रेतून तो आणला होता माझ्यासाठी, आणि आठवडाभरात तू तो बळकावलास. तू गेल्यापासून बाबा तुझ्याविषयी बोलत नाहीत. फोटोला हार घालतात, पित्राला कावळ्याची वाट बघत उभे राहतात, पण तुझा विषय निघाला की उठून गोठ्यात जातात. असा माणूस त्या दिवशी मला म्हणाला, "तुज्या आयचा गेम लागतोय का बघ गो." मी मुरबाडच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते, मुलांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करण्यातच माझा दिवस जातो. पण इतकं जपून कुठल्या यंत्राला हात लावला नव्हता. बाबांनी इतक्या वर्षांनी तुझी म्हणून एक वस्तू पुढे केली होती. ती लागली नसती तर त्यांनी पुन्हा तोंडाला कुलूप घातलं असतं.

तू खेळायला बसलीस की घरात दुसरं काही चालत नसे. गॅसवर भात ठेवून, पदराला हात पुसत येतेस, मांडी घालतेस आणि माझ्या हातातलं रिमोट काढून घेतेस. दुसरं रिमोट बाबांकडे. रणगाड्यांचा गेम, विटांच्या भिंतीआड आपला किल्ला. रणगाडा डावीकडे न्यायचा तर तू स्वतःच डावीकडे कलतेस, इतकी की एकदा बाबांच्या मांडीवर पडलीस. बाबा म्हणतात, "भात लागला वाटतं." तू म्हणतेस, "लागू द्या. किल्ला पडला तर भात खाणार कोण?" आणि मी करपलेला भात खाते. एकदा कॅसेट लागेना म्हणून मी तिच्या खाचेत जोरात फुंकर मारली, तर पाठीत धपाटा बसला होता. "थुकी उडते आत. देव्हाऱ्यात फुंकशील का अशी?" तेव्हा राग आला होता मला. सगळी दुनिया फुंकर मारूनच गेम लावत होती.

तर काम असं होतं. गेमचा तो डबा अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवायचा, आणि बाबांच्या नव्या चपट्या टीव्हीला ते पकडताच येईना, नुसत्या मुंग्या दिसायच्या. म्हणून डबा उघडून, चित्र जिथे तयार होतं तिथूनच ते वायरीने बाहेर काढायचं आणि टीव्हीच्या पिवळ्या भोकात द्यायचं, असं मी ठरवलं. शहापूरला जाऊन एका दुरुस्तीवाल्याकडून ट्रान्झिस्टर, पिवळी पिन असलं सामान आणलं. पहिल्या रविवारी संध्याकाळी बसले तर वायरीला सोल्डरचा डागच लागेना. शिसं वितळायच्या ऐवजी चिकट गोळे होत होते. मी माझ्या हाताला शिव्या देत होते. मग बाबा दारातून म्हणाले, "आता पाण्याच्या मोटारी चालू झाल्या सगळ्यांच्या. पंखा बघ कसा फिरतोय." संध्याकाळी आपल्या किन्हवलीचं व्होल्टेज पडतं आणि सोल्डरिंगचं यंत्र तापत नाही, हे मी मुरबाडला राहून विसरले होते. त्यानंतर सकाळी लवकर येऊन काम करू लागले.

डाग चकचकीत लागले. पिन जोडली, बटण दाबलं, आणि पडदा राखाडी झाला. नुसता राखाडी, त्यावर काही नाही. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते. थोडा वेळ त्यांनी बघितलं, "नाय लागत," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. मी ट्रान्झिस्टर बदलला, वायरी काढून पुन्हा लावल्या, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. राखाडी. शेवटी सगळं पिशवीत भरून स्कूटरवर निघाले, आणि सरळगावच्या अलीकडे डोक्यात लख्ख उजेड पडला. आई, मी किती मूर्ख. तो राखाडी रंग स्थिर होता! मुंग्या नाहीत, थरथर नाही. म्हणजे माझी वायर बरोबर होती, डबा टीव्हीशी नीट बोलत होता, त्याला फक्त कॅसेट वाचता येत नव्हती. मी स्वतःच्याच कामावर संशय घेऊन दोन रविवार घालवले होते. तिथेच स्कूटर वळवली.

भर दुपारी मला परत आलेली बघून बाबा म्हणाले, "काय विसरली काय?" मी थेट डब्याच्या खाचेत, कॅसेट बसते तिथे, बॅटरी मारली. तळाशी, पितळी पात्यांच्या मध्ये काहीतरी अडकलं होतं. तुझ्या शिवणाच्या सुईने हळूहळू उकरून काढलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

दसरा आठवला, आई. कोयता, विळा, शिवणयंत्र, बाबांची सायकल, सगळं ओळीने मांडून तू हळदकुंकू लावत जातेस, अक्षता टाकतेस, आणि ओळीच्या शेवटी हा डबा. बाबा हसतात. तू म्हणतेस, "ह्यो पण राबतो की आपल्यासाठी." मला फुंकर मारू देत नव्हतीस आणि स्वतः त्याच्या घशात तांदूळ घातलेस! तुझा शेवटचा दसरा तो. दिवाळीला तू नव्हतीस.

बाबांनी दाणा तळहातावर घेतला. बोटाने तो उलटापालटा केला. मग म्हणाले, "ती गेल्यावर मी लावला होता एकदा. तू होस्टेलला होतीस. नाय लागला. म्हटलं, हा पण गेला तिच्यासंगं."

खाच स्पिरिटने पुसली, कॅसेट बसवली, बटण दाबलं. लागला, आई! लाल विटा, हिरवी झाडी, सगळं इतकं स्वच्छ की तुझ्या जुन्या टीव्हीवर तू असं कधी बघितलंच नसशील. ती सुरुवातीची धून वाजली आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. पण टीव्हीकडे बघत होते मी एकटीच. बाबा बोलायला लागले होते. लग्नात तू किती रुसली होतीस, डोळखांबच्या आत्याकडे जाताना ओढ्यात तुझी चप्पल वाहून गेली तर दुसरीही कशी फेकून दिलीस, "एक घेऊन काय करू" म्हणून. यातलं काही मला माहीत नव्हतं. उन्हं उतरली, म्हशी ओरडायला लागल्या, तरी ते उठले नाहीत. रणगाडे जागच्या जागी उभे, किल्ला कधीच पडलेला.

मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. म्हणाले, "झाडी जरा फिकी दिसते गो. पुढच्या आयतवारी येऊन बघशील?"

झाडी फिकी नव्हती, आई. हिरवीगार होती. मी म्हटलं, हो बाबा, फिकी आहे खरी, बघावं लागेल.