धमकी नाही

माय, तू ज्या शिव्या द्यायचीस त्यांवर आता माझं पोट चालतं. लोकांनी फोनवरच्या ॲपमध्ये एकमेकांना लिहिलेली वाक्यं, नावं पुसून, माझ्यापुढे येतात. खाली दोन बटणं असतात: धमकी, धमकी नाही. मी एक दाबते. आम्ही दाबतो त्यावरून यंत्र शिकतं. बीडच्या एका संस्थेनं हे काम शिकवलं, फुकट. वर्गात सगळ्या बायका. टाकलेल्या, विधवा, ऊसतोडीला पुन्हा न गेलेल्या. शिकवणारे सर पुण्याचे, माझ्याहून लहान. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पडद्यावर वाक्य लावलं: ‘मुडदा बशिवला तुझा.’ अख्खा वर्ग हसतोय. सर विचारतात, धमकी की नाही? मागून एक जण म्हणते, ‘‘ही कावून धमकी, सर? हे सकाळचं हाय. माझी सासू च्याच्या आधी म्हणती.’’ सर म्हणतात, ‘‘पण मुडदा म्हणजे प्रेत ना?’’ ‘‘व्हय. पन कुनाचंच न्हाई.’’ सरही हसले. मग म्हणाले, यंत्राला आवाज ऐकू येत नाही, ताई. त्याला अक्षरंच दिसतात. तुम्हीही अक्षरंच बघा.

तेलगावात तुझा आवाज पार पारापर्यंत ऐकू जायचा. मी शाळा बुडवली तर तंगडं तोडून हातात देणार होतीस. दूध सांडलं तर खांडोळी. रात्री तेच तंगडं मांडीवर घेऊन तेल चोळायचीस. आप्पांच्या तोंडून कधी वाईट शब्द आला नाही. कपाळाला विभूती, दुकानात गिऱ्हाइकाला, पोरासोरांनाही अहो-जाहो. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं आणि तुला तोंडाळ. आपल्या घरात आवाज चढला की मी निवांत अभ्यास करायची. आप्पा हळू बोलायला लागले की मी पुस्तक मिटायची. ‘‘जरा आत ये,’’ ते म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तू डाव्या हातानं भाकरी थापायचीस.

त्या दुपारी तू चुलीपुढे बसली आहेस. मी वेणी घालून घ्यायला तुझ्या पाठीशी. आप्पा दुकानातून आत येतात, माझ्या डोक्यावर हात ठेवतात. ‘‘बाळ, जरा गल्ल्यावर बस.’’ मी अर्ध्या वेणीनं गल्ल्यावर येऊन बसते. शेजारच्या आळीतले एक काका साखर घ्यायला आले आहेत. आतून तुझा आवाज येतो. तू आप्पांचा मुडदा बसवते आहेस, त्यांच्या सात पिढ्या काढते आहेस. काका हसतात. ‘‘आज तुझी माय लई तापली गं.’’ मी साखर तोलते. आत काहीतरी जड पडतं, पुन्हा पडतं. तू ‘सोड’ म्हणतेस. तो शब्द तू शिवीत गुंडाळलेला नाहीस, म्हणून मला तो ओळखू येत नाही. मग काहीच नाही. ‘‘गप झाली एकदाची,’’ काका म्हणतात. आप्पा पंच्याला हात पुसत बाहेर येतात. ‘‘अजून काही देऊ का?’’

न्हाणीत पाय घसरला, असं ठरलं. आपल्यात बसवून पुरतात, तसं तुला बसवलं, पण मान उभी राहीना. सारखी छातीवर पडायची. शेवटी भिंतीला टेकवून कपड्यानं बांधली. आणि बाया तुझ्याच मढ्यापुढे कुजबुजत होत्या, ‘‘त्या मानसानं लई सोसलं.’’ आप्पा पुढे खूप वर्षं जगले. गेले तेव्हा बाजारपेठ बंद ठेवली होती.

संस्थेच्या परीक्षेत तुझी वाक्यं मी धमकीत टाकली. अक्षरं बघितली. पास झाले.

आज एक वाक्य आलं. ‘पोरीला खेळायला पाठव, मग बोलू.’ मी धमकी दाबलं. तपासणाऱ्यानं ते परत पाठवलं. कारण लिहा म्हणून. मी धमकीत टाकलेली अशी वाक्यं याआधीही परत आली आहेत आणि आता काम जाईल, असं मला बजावलेलं आहे. मी सरांना फोन केला. ‘‘यात काय आहे, ताई? पोरीला खेळायलाच पाठव म्हणतोय.’’

‘‘मग बोलू म्हणतोय.’’

‘‘बोलूच म्हणतोय ना?’’

मग तेच म्हणाले, ‘‘ही वाक्यं जुनी असतात. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तुम्ही नोकरी सांभाळा.’’ चांगला माणूस आहे. तो मला खरंच सांभाळत होता.

कारणाची चौकट दोन ओळींची होती. त्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून हा कागद घेतला. तुला लिहिलं तर सुचेल असं वाटलं. सुचलं, पण ते चौकटीत मावणारं नव्हतं, आणि कागद पाठवायला तुझा पत्ता नाही. मधेच उठून मी ‘धमकी नाही’ दाबून आले. लगेच हिरवी खूण आली. ती बघून मला बरं वाटलं, माय. भूकही लागली.