सहा व्होल्टचे बारा

गुरुवार, ९ जानेवारी १९७५

कंपनीने नव्या वर्षाची डायरी दिली. कोरी ठेवणं बरं दिसत नाही. रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं.

आज गुरुवार, कंपनीची सुट्टी. गाडी काढून निघोज्याला दुर्गाकडे जाऊन आलो. लेक मजेत. नात सात महिन्यांची झाली, माझ्यावर गेली आहे. परत पिंपरीला निघायला उशीर झाला. मोशीच्या अलीकडे कस्तुरा म्हणाली, "अहो, दिवे लावा ना." मी म्हटलं, कुरुळीच्या फाट्यापासून लावलेत. त्यावर म्हणते, "मग इतका अंधार कसा?"

मनाला लागलं. गाडी एकावन्न सालची फोर्ड प्रीफेक्ट. आमचे इंजिनिअर साहेब विलायतेला परत गेले तेव्हा सगळी कंपनी सोडून माझ्या हातात किल्ली दिली. म्हणाले, साहेबराव, तूच सांभाळशील. पण खरं ते खरं. गाडी सहा व्होल्टची आहे. दिवे म्हणजे दोन मेणबत्त्या. बिचारीला दिसणार कसं?

ठराव: जुनं वायरिंग सगळं काढायचं. सहाचे बारा व्होल्ट करायचे. नवे हेडलाइट. ३१ जानेवारीच्या आत. बावीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली आहेत, कंपनीतल्या अर्ध्या शॉपचं वायरिंग माझ्या हातचं. असली कामं मी जेवणाच्या सुट्टीत करतो.

शुक्रवार, १० जानेवारी

कोंडाजीला बोलावलं. नाशिक फाट्यावर ट्रकांचं वायरिंग करतो. मूळचा चिखलीचा, हात चांगला आहे, थिअरी कच्ची. त्याने दिवे लावून पाहिले, चार पावलं मागे गेला, म्हणाला, "साहेबराव, दिवं बारीक हायती, पर रस्ता दिसतोय की! वैनींना न्हाई दिसला व्हय?"

म्हटलं, मी सांगतो तेवढं कर.

सोमवार, १३ जानेवारी

भातात खडा. आठवड्यात दुसरा. दाढ ठणकते आहे. दुकानदार हल्ली काय वाटेल ते गळ्यात मारतो. कस्तुराच्या हातच्या भातात लग्नापासून कधी खडा लागला नव्हता. ती ओशाळली. म्हणाली, स्वयंपाकघरात उजेड कमी पडतो.

चाळीसचा बल्ब काढून शंभरचा लावला. पाच मिनिटांचं काम. म्हणाली, "हं, बरंय." मग ताट मांडीवर घेऊन बोटांनी चाचपून तांदूळ निवडत बसली. समोरच्या भिंतीकडे बघत. ही नवी पद्धत. डोळ्यांना ताण नाही. हुशार बाई.

गुरुवार, १६ जानेवारी

सगळं वायरिंग काढलं. कापडी वेष्टणाची वायर, हातात धरली की भुगा. एवढ्या वर्षांत गाडी पेटली नाही ही माझ्या मेंटेनन्सची पावती. कोंडाजी म्हणाला, काढताना खुणेच्या चिठ्ठ्या बांधा. गरज नाही. सगळं डोक्यात आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

डोक्यात काही नाही. घमेलंभर वायरी आणि एकीचाही पत्ता लागत नाही. ड्रॉइंग नव्याने काढतो. एका अर्थी बरंच झालं, जुन्या चुका येणार नाहीत.

संध्याकाळी दारात बसलो होतो. कस्तुरा म्हणाली, रस्त्यावरच्या दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, इंद्रधनुष्यासारखी. मी तिला समजावून सांगितलं. लाइनला व्होल्टेज कमी-जास्त होतं, त्यात थंडीचं धुकं. तिने सगळं ऐकून घेतलं. नीट ऐकून घेणारं माणूस मिळणं आजकाल कठीण.

शेजारच्या शालनबाईंनाही कडी दिसतात का म्हणून विचारलं. नाही म्हणाल्या. त्यांचं निरीक्षण कमी.

गुरुवार, २३ जानेवारी

गाडी उघडी पडली आहे म्हणून एस.टी.ने निघोज्याला. उतरताना कस्तुराची पायरी चुकली. कंडक्टरने दंड धरला म्हणून बरं.

दुर्गाकडे ओटीवर पाळणा होता. कस्तुरा थेट त्यावर आदळली. पोर रडून लाल. कस्तुराही रडायला लागली. दुर्गाने मला गोठ्यापाशी नेलं. म्हणाली, "बाबा, आईला बाजूचं दिसत नाही. मी मघाशी मुद्दाम तिच्या उजव्या हाताला उभी राहिले, तिला कळलंच नाही. डॉक्टरला दाखवा. आत्ता लगेच."

मी म्हटलं, ओटीवर अंधार आहे, ट्यूबलाइट लावून देतो. दुर्गा माझ्याकडे बघत राहिली. फॉल्ट कुठे आहे हे माहीत असूनही भलतीकडेच स्क्रू पिळणाऱ्या हेल्परकडे मी बघतो, तशी.

शनिवार, २५ जानेवारी

कंपनीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारली, बोटं हलवून दाखवली. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, साहेबराव, याच गुरुवारी जा, लांबवू नका.

लांबवतो कशाला? गुरुवार, ३०. ठरलं. चिठ्ठी याच पानात ठेवली आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

जाणं झालं नाही. कोंडाजीला भंगारात बारा व्होल्टचा डायनॅमो सापडला, एकदम झकास, आणि बसवायला त्याला आजच सवड. पुण्याचे डॉक्टर कुठे पळून जात नाहीत. कस्तुरा नवं लुगडं नेसून बसली होती. तीच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी जाऊ." तीच म्हणाली, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

दुपारी चहा आणला. कप स्टुलावर ठेवला, म्हणजे स्टुलाच्या शेजारी ठेवला. हवेत. फुटला. कोंडाजी काचा वेचू लागला. मी म्हटलं, जाऊ दे, कप जुना होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

डायनॅमो बसला, कट-आउट बसला, नवी बॅटरी, नव्या वायरी लाल-काळ्या-पिवळ्या, लग्नातल्या करवलीसारखी गाडी. हेडलाइटचं बटण दाबलं. हॉर्न वाजला. बटण बंद केलं. हॉर्न चालूच. शालनबाई हातात लाटणं घेऊन बाहेर, सगळी आळी गोळा. बॅटरीची वायर ओढली तेव्हा कुठे शांत झाला.

कस्तुरा दारात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. किती दिवसांनी हसली! तेव्हा आज पुण्याला गेलो नाही ते अगदीच फुकट गेलं असं म्हणता येणार नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नीट विचार केला. एस.टी.च्या पायऱ्यांची तिला आता भीती वाटते. म्हणजे पुण्याला न्यायचं तर आपल्या गाडीतून. डॉक्टर बघणार चारनंतर, परत यायला अंधार होणार. अंधारात यायचं तर हेडलाइट हवेत. म्हणून आधी हेडलाइट, मग डॉक्टर. यात कोणाला चूक काढता येणार नाही.

कोंडाजीला हे सांगितलं. तो बराच वेळ प्लग पुसत होता. मग म्हणाला, "दादा, मी नेतो त्यास्नी. माझ्या ट्रकवाल्याला सांगतो, केबिनात बसवून नेईल." परक्या माणसाने आमच्या घरात किती लक्ष घालावं, यालाही मर्यादा आहे. तसं बोललो. तो गेला.

रिफ्लेक्टर पॉलिशला भोसरीला दिले आहेत.

रविवार, १६ फेब्रुवारी

शालनबाई म्हणाल्या, कस्तुरा रोज सकाळी त्यांच्याकडून आठ सुया ओवून घेते आणि उशीला टोचून ठेवते. दिवसभर शिवायला. नातीची दुपटी चालली आहेत.

याला प्लॅनिंग म्हणतात. आमच्या शॉपमध्ये एकाला जमत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ओव्हरटाइम. मी होऊन मागून घेतला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

रिफ्लेक्टर आले. चेहरा दिसतो. माझा फार थकलेला दिसला. कोंडाजीकडे गेलो, म्हटलं, चल बाबा, झालं गेलं. तो लगेच चपला घालून निघाला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. संध्याकाळी

लागले! सव्वासातला दोन्ही हेडलाइट लागले. बारा व्होल्ट. समोरची भिंत चुना मारल्यासारखी पांढरी. भिंतीवरून मुंगी जात होती, तीही दिसली. कोंडाजी ओरडला, "झ्याक!"

मी कस्तुराला हाताला धरून आणलं, पुढच्या सीटवर बसवलं. म्हटलं, आता बघ. पुन्हा बटण दाबलं. आत कुठेतरी चट्‌ आवाज झाला. फ्यूज गेला. समोर काळोख. मी सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अगंबाई! केवढा उजेड पडला हो! डोळे दिपले माझे."

समोर बघून हसत होती.

कोंडाजीने माझ्याकडे बघितलं. मग हत्यारांच्या पिशवीत वाकून काहीतरी शोधू लागला. बराच वेळ शोधत होता.

मी म्हटलं, हो. बारा व्होल्ट आहेत.

आज आणखी काही लिहीत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

रजा टाकली. एस.टी.ने पुण्याला. पायऱ्या मोजून सांगितल्या तिला, चढताना तीन, उतरताना तीन. काही अवघड गेलं नाही. कधीही जाता आलं असतं.

डॉक्टर म्हातारे, हळू बोलणारे. अंधाऱ्या खोलीत तासभर तपासलं. काचबिंदू. डोळ्यात आतून दाब वाढतो, नस मरत जाते, आधी कडेचं जातं, मग मधलं. मला विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, महिनाभर झाला असेल. कस्तुरा म्हणाली, "दसऱ्यापासून."

उजवा गेला. तो येणार नाही. डावा नळीतून बघितल्यासारखा आहे. औषधाने टिकला तर तेवढा टिकेल, दाब उतरला नाही तर ऑपरेशन.

मी विचारलं, ३० जानेवारीला आणलं असतं तर? डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. थोडं वाचलं असतं." टॉवेलला हात पुसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

एस.टी.त खिडकीपाशी तिला बसवलं. दापोडीचा पूल गेल्यावर विचारलं, काल उजेड पडला म्हणालीस ते का? म्हणाली, "दोन महिने राबलात. तुम्ही बघ म्हणालात, मला वाटलं लागलेच असतील."

मग मी म्हटलं, पुण्याला चला म्हणून एकदा तरी भांडायचं होतंस. रोज माझ्याशी भाजीवरून भांडतेस.

ती म्हणाली, "मलाही वाटायचं, खरंच दिव्यांचाच दोष असला तर किती बरं."

पिंपरी येईपर्यंत मी तिचा हात धरून बसलो होतो. समोरच्या बाकावरची बाई बघत होती. बघू दे.

रविवार, २ मार्च

दुर्गा आली. थेट आत गेली. आईच्या केसांना तेल लावत बसली. जाताना पोरीला कस्तुराच्या मांडीवर दिलं. कस्तुराने तिला अगदी समोर धरलं, नाकाला नाक लागेल इतकं, आणि नळीतून जेवढी दिसते तेवढी बघून घेतली. आधी नातीचा एक डोळा, मग दुसरा, मग हनुवटी. पोरीला वाटलं खेळ चाललाय. हसत होती.

मी बाहेर जाऊन गाडीजवळ उभा राहिलो.

सोमवार, ३ मार्च

या डायरीची मागची पानं वाचली. खरं तेच लिहायचं म्हणून सुरुवात केली होती. तसं सगळं लिहिलेलंच आहे. कडी, खडे, कप, सुया. तारखेनिशी. मीच लिहिलं आणि मीच वाचलं नाही.

कोंडाजी येऊन फ्यूज बदलून गेला. म्हणाला, दिवे एक नंबर लागतात. मी बघायला गेलो नाही.

मंगळवार, ४ मार्च

दिवसातून चारदा थेंब. डॉक्टरांनी सांगितलंय, झोंबेल, थोडा वेळ अंधुक वाटेल, पण चुकवायचं नाही. शिफ्ट बदलून घेतली. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा आणि झोपतानाचा, चारही मीच घालणार. शालनबाई म्हणाल्या, मी घालते. नको म्हटलं.

चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनेलवर चालू लाइनमध्ये काम केलंय, हात कधी हलला नाही. आज सकाळी पहिला थेंब भुवईवर. दुसरा गालावर. ती पाटावर बसून मान वर करून, डोळा ताणून वाट बघत होती. तिसरा कानात जाणार होता. ती हसली. म्हणाली, "थांबा." माझं मनगट धरलं आणि स्वतःच बाटली डोळ्यावर नेली. म्हणाली, "आता दाबा."

दाबली.

"पडला का?" तिने विचारलं.

मी डोळे मिटून घेतले होते.